किसनबाबांनी गाडी चालू करून दिली

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. माहेरी आमच्याकडे अंगारा नव्हता की धुपारा नव्हता. वडील म्हणायचे, भ्या वाटलं तर दिवा लाव आन् नीट बघ. त्यामुळे असले अनुभव कुठं छापून आले की मी सरळ पान उलटायची. पण हा माझ्या डोळ्यांसमोर घडलाय... आणि आमचे हे आज बाहेरच्या खोलीत बसून मोठ्या आवाजात टीव्ही बघताहेत, ते त्यामुळेच. म्हणून लिहिते.

२००१ सालचा मे महिना. आम्ही सेनगावला राहायचो. ह्यांनी नुकतीच एक सेकंडहँड छोटी कार घेतली होती. मलाही शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरवून शिकवली होती, पण रस्त्यावर मी कधी काढलेली नव्हती. आणि बॉनेटखाली काय असतं, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

एका रविवारी आम्ही ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राकडे निघालो. गाव नरसी नामदेवच्या अलीकडं, रस्त्याला लागून, तीसेक घरांचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाटेत अशी वावटळ उठली की ह्यांना भरदुपारी हेडलाइट लावावे लागले. पोचलो तर मित्राच्या घराला कुलूप! जवळजवळ सगळं गाव ट्रॅक्टर-टेम्पोत बसून कुणाच्या तरी लग्नाला गेलेलं, हे नंतर कळलं. हे म्हणाले, "थकल्यासारखं होतंय गं, जरा टेकतो." लिंबाच्या सावलीत, मित्राच्या ओट्यावर आडवे झाले आणि झोपले. हेडलाइट बंद करायचे राहून गेले ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दीड-दोन तासांनी हे उठले ते घामाने निथळत. हात छातीवर. "डावा हात जड पडलाय," एवढंच म्हणाले.

त्यांना कसंबसं मागच्या सीटवर निजवलं आणि चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. साधा टिक आवाजसुद्धा नाही. हॉर्न वाजेना, दिवा लागेना. रस्त्यावर धावत गेले. एक ट्रक आला, मी दोन्ही हात हलवले, तो तसाच निघून गेला. परत गाडीकडं येताना मी मोठ्यानं रडत होते, हे कबूल करते.

"काहून रडून राहिली बाई?"

शेजारच्या अंगणातून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, वर खाकी शर्ट – इस्त्री नाही, पण सगळी बटणं लावलेली. त्यांनी गाडीत वाकून ह्यांच्याकडं पाहिलं, मग हेडलाइटचा खटका पाहिला.

"बॅटरी उतरली. घाबरू नका. आमी तीस साल सायबाची गाडी चालवली, हे काय मोठं काम न्हाई."

त्यांच्या अंगणात पत्र्याखाली एक जुनी अँबेसिडर उभी होती. मी म्हटलं, "बाबा, तुमच्याच गाडीतून न्या ना ह्यांना!"

"तिचे टायर बसलेत, बाई. तिला उभ्याउभीच काम करू द्या. तुमची गाडी न्यूट्रल करा अन् ढकला."

दहा पावलांचा उतार होता. आम्ही दोघांनी ढकलत आमची गाडी अँबेसिडरच्या तोंडाला तोंड लावून उभी केली. बाबांनी दोन्ही बॉनेटं उघडली, घरातून लाल-काळ्या जाड वायरी आणल्या. मी तोवर मागं ह्यांना पाणी पाजत होते. मला फक्त उभी झालेली बॉनेटं दिसत होती आणि बाबांचा आवाज येत होता. कुणा लेकराची समजूत घालावी तसा – "चल गं माय, येक डाव. माणूस अडचणीत हाय."

आणि अँबेसिडर सुरू झाली. तो घरघर आवाज मी ऐकला. तिच्या बॉनेटचा पत्रा थरथरताना पाहिला.

"बसा आता. क्लच दाबा. आता चावी."

आमची गाडी एका झटक्यात चालू झाली. बाबांनी वायरी काढल्या, खिडकीशी आले. "हिंगोलीपर्यंत बंद करू नका. अन् रडत रडत गाडी चालवू नका, रस्ता दिसत न्हाई. जा."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मेन रोडवर, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जायलासुद्धा घाबरत. हिंगोलीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नांदेडला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं.

दीड महिन्यानं, मित्राकडून बाबांचं नाव कळल्यावर, आम्ही पेढे आणि एक खाकी शर्टाचं कापड घेऊन त्या घरी गेलो. गाडी ह्यांचा भाऊ चालवत होता, त्याचं मेकॅनिकचं दुकान आहे. बाबांची सून दारातच भेटली. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"ताई, तुमी दुसऱ्या कुणाच्या घरी आल्ता काय? आमच्या गाडीत बॅटरीच न्हाई."

मी अंगणात खाटेवरच्या बाबांकडं बोट दाखवलं. "किसनबाबा हेच ना?"

"व्हय, हेच. पण बाबाला आता याद राहत न्हाई ना. दोन साल झाले, गाडी घेऊन सेनगावला गेले अन् घरचा रस्ताच इसरले. रातभर शोधलं. तवाच आमच्या मालकांनी बॅटरी काढून इकून टाकली. त्या दिवशी मी पाण्याला गेल्ते, तेवढ्यात येकटेच होते ते."

तिनं बॉनेट उघडून दाखवलं. बॅटरीच्या जागी गंजलेला पत्रा होता आणि त्यावर वाळकी पानं साचलेली. दोन्ही तारांची टोकं चिंध्यांनी बांधलेली, त्या चिंध्यांवर कोळ्याचं जाळं. दिरानं टाकीचं झाकण काढून वास घेतला, काडी घालून पाहिली. कोरडी. लाल-काळ्या वायरी मात्र खुंटीला होत्या. त्याच.

दीर म्हणाला, "वहिनी, कधीकधी उतरलेली बॅटरी थोडा वेळ थांबली की एखादा स्टार्ट देते." मी म्हटलं, मग अँबेसिडरचा आवाज? तो तर मागच्या सीटवर ह्यांनीही ऐकला होता. त्यानं टाकीचं झाकण परत लावलं. सुनेनं जाळं न तोडता बॉनेट अलगद खाली टाकलं.

बाबा अजून खाटेवरच होते. मला त्यांनी ओळखलं नाही. ह्यांना मात्र बघितल्याबरोबर उठून उभे राहिले, शर्टाची बटणं चाचपली आणि अँबेसिडरचं मागचं दार उघडून धरलं. "बसा साहेब."

सून शरमली. "बाबा, पाव्हणे हायत ते..."

पण हे गेले आणि बसले. बाबा पुढं बसले, आरसा नीट केला. "कुठं घ्यायची साहेब?"

"हिंगोली," हे म्हणाले. "दवाखान्यात."

बसलेल्या टायरांची ती गाडी पत्र्याखालून हलली नाही. पण बाबांनी सगळे गिअर टाकले, वळणावर हात बाहेर काढला, एका बैलगाडीला शिव्या घातल्या. पंधरा-वीस मिनिटं. मग हँडब्रेक ओढून मागं वळले. "आलं साहेब. सावकाश उतरा, तब्येतीला जपा."

ह्यांना लगेच उतरता येईना. रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पुढं बाबा होते तोवर दर दिवाळीला आम्ही जायचो. हे मागं बसायचे, बाबा कधी नांदेडला न्यायचे, कधी औंढ्याला. त्या दुपारी वायरी कशाला लावल्या होत्या, हे मी एकदाच त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कोणत्या वायरी, बाई?" आणि मला पेढा दिला. मलाही उत्तर सापडलेलं नाही. वडिलांनी सांगितलं होतं तसं नीट बघूनही नाही.