बेड नंबर तीन

आमच्याच घरात येऊन आम्हालाच हात धुवायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सिस्टर दारात चप्पल काढायच्या आणि आम्ही "या, बसा" म्हणायच्या आत विचारायच्या, "हात धुतलेस?" धुतलेले असले तरी पुन्हा धुवावे लागत, कारण त्यांनी पाहिलेले नसत. यंत्रमागांच्या या नारपोलीत माझे बारा लूम आहेत, आठ माणसं हाताखाली आहेत, पण या बाईपुढे मी दोन्ही हात पसरून शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचो. "नखं?" त्या विचारायच्या. मग नखं दाखवायची.

त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तीसेक वर्षं त्यांनी एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातात, माझी दोन्हीसुद्धा. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. निवृत्त झाल्यावर माणसांची बाळंतपणं संपली आणि मांजरांची सुरू झाली. कुणाची आई मेलेली, कुणाला गोणीत बांधून टाकलेलं, अशी पिल्लं त्यांच्या दीड खोलीत जमायची. जागा संपली की त्या ती लोकांकडे ठेवायला देत. देत म्हणजे, विचारण्याची पद्धत नव्हतीच. खोकं समोर ठेवायच्या आणि सांगायच्या, "चार आठवडं. मंग मी नेते."

माझी पाळी माझ्याच मूर्खपणानं आली. आमच्या कारखान्यात सुताच्या कचऱ्यात एक मांजरी व्याली आणि दहा-बारा दिवसांत टेम्पोखाली गेली. मागे तीन पिल्लं राहिली. मी मोठ्या उदार मनानं बशीत दूध ठेवलं आणि सिस्टरांना निरोप धाडला, म्हणजे त्या येऊन पिल्लं घेऊन जातील. त्या आल्या. बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गायचं दूध? जुलाब लागून मरतील ती. आन थंडगार पडल्यात, त्यांना पाजतोस काय? आधी ऊब, मंग दूध."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं ना, सिस्टर. तुम्ही घेऊन जा."

"माझ्याकडं आठ हायेत. जागा न्हाय. वरची तुझी खोली रिकामी हाय, मला म्हाईत हाय."

"मला कारखाना आहे हो!"

"कारखान्यात पोरं उपाशी ठेवतात काय?"

गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात गेली. पिल्लांसाठीचं पावडरचं दूध त्यांनी स्वतः ठाण्याहून आणलं. पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजायचं, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की खालून ओल्या कापसानं पुसायचं, त्याशिवाय ती शी-शू करत नाहीत. रोज सकाळी वजन करायचं. माझ्या बायकोचा केकचा काटा त्यात कामी आला आणि आमच्या घरात पुन्हा केक झाला नाही. पिल्लांना नावं ठेवायला बंदी होती. "द्यायचीत ती. नाव ठेवलंस की रडशील." म्हणून बेड नंबर एक, दोन आणि तीन. सिस्टर रोज संध्याकाळी राऊंडला यायच्या. "तिनाचं वजन वाढलं न्हाय," त्या म्हणायच्या, जणू मीच ते खाल्लं होतं.

बाकी सगळं मी सोसलं. पण पिल्लं महिन्याची होऊन उड्या मारायला लागली तसा त्यांनी नवा हुकूम काढला, की पिल्लांच्या खोलीत धागा दिसता कामा नये. नारपोलीत! आमच्याकडे धागा भातात सापडतो. कपड्यांना, केसांना, भुवयांना चिकटून तो माणसाबरोबर घरभर फिरतो. "पिल्लू धागा गिळतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी जिन्यातच शर्ट काढून बनियनवर वर जायला लागलो. शेजारीपाजारी हसायचे. मी सिस्टरांच्या नावानं खडे फोडायचो, पण शर्ट काढायचो.

एक दिवस नाही काढला. माल न्यायला गाडी उभी होती आणि मला घाई होती. संध्याकाळी पाहिलं तर बेड नंबर तीन कोपऱ्यात बसलेलं, आणि तोंडातून बोटभर धागा लोंबत होता.

कापडावर लोंबता धागा दिसला की ओढायचा, हे मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून करत आलोय. दिवसातून शंभर वेळा, न बघता. माझा हात गेला आणि मी धागा ओढला. तो वीतभर आला आणि अडला. पिल्लू असं ओरडलं की खालच्या लूमच्या आवाजातसुद्धा बायकोला ऐकू गेलं.

सिस्टर रिक्षानं आल्या. "ओढलास?" मी मान हलवली. त्यांनी पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि त्याच रिक्षानं आम्ही ठाण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, धागा आत अडकलेला असतो, ओढला की आतडं सुरीसारखं कापतो. दिसला तर तसाच ठेवून आणायचं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन नंबर गेलं.

मी सिस्टरांवर तुटून पडलो. धागा ठेवू नको म्हणालात, ओढू नको कधी म्हणालात? त्या नेहमीसारख्या खेकसतील असं मला वाटलं होतं. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना सांगायला लागत न्हाय, ती घाबरून माझ्याकडं येतात. तुम्हा लूमवाल्यांना सांगायला पायजे होतं. माझी चूक." त्या बाईच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, आणि मला ते आवडले नाहीत. मी म्हणालो, उरलेली दोन घेऊन जा, यापुढे माझ्याकडे पिल्लू आणायचं नाही.

आठवड्याभरात त्या नवं खोकं घेऊन उभ्या. मी चिडलो, हात जोडले, माझ्या हातून एक मेलंय म्हणालो. "म्हणून तर तुझ्याकडं आणलंय," त्या म्हणाल्या. "आता तू मेलास तरी वढणार न्हाय. हात धू." नंतरच्या पाच-सहा वर्षांत किती खोकी आली, मला सांगता येणार नाही. प्रत्येक खोक्यागणिक मी भांडलो.

मागच्या वर्षी सिस्टर झोपेतच गेल्या. सकाळी गल्ली जमली. तिरडी बांधून झाली आणि आतून चिरका आवाज यायला लागला. पलंगाखालच्या खोक्यात चार पिल्लं होती, डोळेही न उघडलेली, पहाटेपासून उपाशी. त्यांच्या पुतण्यानं खोकं बाहेर आणलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका, येताय ना? खांदा द्यायचाय," पुतण्या म्हणाला.

मी एका पिल्लाला हात लावला. गार होतं. स्मशानातून परत यायला निदान दोन तास. मला इतका संताप आला त्या बाईचा! ज्यांनी माझी पोरं जगात आणली त्यांना खांदा द्यायचा होता मला. तेवढंही तिनं सुखानं करू दिलं नाही. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

गल्ली रिकामी झाली. मी त्यांच्या ओट्यावर पाणी तापवलं, एकेकाला शर्टाच्या आत छातीशी धरून ऊब दिली, तीन पाजली. चौथं तोंडच उघडेना. मी त्याच्यावर ओरडलो, मग रडलो, मग पुन्हा बाटली लावली. लोक स्मशानातून परतले तेव्हा ते नुकतंच प्यायला लागलं होतं.