उशीखालचा स्पीकर

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. प्रताप नगरच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर सासूबाई दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतात आणि मी ती रविवारी काढून कचऱ्यात टाकते, यावरून काय ते समजा. तरी हे लिहितेय... कारण गेल्या परीक्षेपासून माझं डोकं तापलेलं आहे आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

मी नागपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. नाव देत नाही, नोकरी टिकवायची आहे. माझा विषय – पेशंटशी कसं बोलावं. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर सिम्युलेशन लॅब आहे. म्हणजे एक खोली, एक पलंग आणि पलंगावर रबरी पुतळा. मुली त्याला बाबाजी म्हणतात. काचेमागच्या खोलीत माईक घेऊन मी बसते आणि पेशंटचं बोलणं बोलते. ते पुतळ्याच्या उशीखालच्या स्पीकरमधून आत ऐकू येतं. मुलीने सात मिनिटं त्याच्याशी बोलायचं आणि बाहेर येऊन पेशंटने काय सांगितलं त्याची नोट लिहायची. मी चेकलिस्ट बघून मार्क देते.

त्या चेकलिस्टवरच माझा पहिला राग. तिच्यात एक ओळ आहे – 'रुग्णाला धीर दिला', दोन मार्क. म्हणून झाडून सगळ्या मुली आत शिरल्या शिरल्या पोपटासारख्या म्हणतात, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." दुखतंय काय हे विचारायच्या आधीच धीर! आणि आम्ही मुकाट्याने दोन मार्क देतो.

प्रणाली तसं म्हणायची नाही. ही कामठीची मुलगी, वडील पॉवरलूमवर कामाला, रोज शेअर ऑटोने यायची. याच परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर वर्ष गेलंच, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू होणार होती.

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. माझ्या शेजारी आमच्या प्राचार्या बसलेल्या. केस अशी – ऑपरेशनआधीचा म्हातारा पेशंट इंजेक्शनला नाही म्हणतो. कारण फक्त भीती, स्क्रिप्टमध्ये दुसरं काही नाही. प्रणाली आत गेली, नाव सांगितलं, स्टूल ओढून पुतळ्याच्या तोंडाजवळ बसली. मी माईकवर म्हटलं, "मला इंजेक्शन नको."

"काहून जी बाबाजी? काय होते सुईनं? सांगा ना, मी ऐकून राहिली."

प्राचार्यांनी तोंड वाकडं केलं. "ही काय भाषा झाली? बंद करा." असं म्हणून माईकची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वॉर्डात येणारे निम्मे पेशंट असंच बोलतात, त्यांच्याशी काय पुस्तक वाचून दाखवायचं? आमची तिथेच जुंपली. तीन-चार मिनिटं आम्ही काचेकडे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा प्रणाली तशीच बसलेली होती... कान पुतळ्याच्या तोंडाशी. मान हलवायची, "हो जी" म्हणायची, थांबायची, "मंग?" विचारायची. वायर अजून प्राचार्यांच्या हातात होती.

तिने बाहेर येऊन नोट दिली. प्राचार्यांनी ती वाचली आणि माझ्यापुढे आपटली. लिहिलं होतं – 'पेशंट म्हणतात, मागे सुई दिली तेव्हा जीभ जड झाली होती. इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना कळवावे.'

"हे स्क्रिप्टमध्ये कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "एक तर हिने मनचं लिहिलं, नाहीतर तुम्ही हिला आधीच पढवलं. दोन्हीकडून नापास."

नोटमधलं ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी स्वतः सेकंड इयरला असताना वॉर्डात एका म्हाताऱ्याने माझं मनगट धरून हेच सांगितलं होतं – "सुई देल्ली का जीभ जड होते वं माय." मी म्हटलं, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." शिकवलंच तसं होतं. मी कुणाला कळवलं नाही. सुई दिली गेली, थोड्या वेळात त्यांचा श्वास कोंडला आणि त्यांना धावपळीत आयसीयूत नेलं. पुढे काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

प्रणाली रडत नव्हती. एवढंच म्हणत होती, "मॅडम, तुम्हीच तर आवाज बदलून बोलून राहिल्या होत्या स्पीकरवर."

गप्प बसले असते तर तिचं वर्ष गेलं असतं. मी बोलले. दोघींसमोर, त्या म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं, माझी मान खाली होती. जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते हिला पढवणार कशी? मग लॅबमध्ये प्रत्येक परीक्षेचं होतं ते रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या मिनिटानंतर त्यात फक्त प्रणालीचा आवाज आहे आणि मधे मधे शांतता. प्राचार्यांनी तिला पास केलं. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाल्या, "वायर सैल असेल, तुमचाच आवाज गेला असेल." सैल? अहो, ती तुमच्या मुठीत होती.

परीक्षेच्याच दिवशी संध्याकाळी जिन्यात प्रणालीने मला गाठलं. "मॅडम, एक गोष्ट मी नोटमध्ये नाही लिहिली. ते आजाराचं नव्हतं. मले वाटलं तुम्ही गंमत करून राहिल्या."

"काय?"

"बाबाजी शेवटी म्हणाले, तुया मॅडमले सांग, घाबरू नको म्हणा. सगळं ठीक होईल."

हा धीर होता की माझंच वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर फेकलं होतं, मला अजून कळलेलं नाही. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, मन माझं असेल तर ऐकू तिला कसं आलं? चेकलिस्टवरची ती ओळ मी पेनाने खोडली आहे.

मागच्या आठवड्यात मी सेकंड इयरला जिथे होते त्या जुन्या हॉस्पिटलात गेले. इतक्या वर्षांनी तरी विचारावं, ते वाचले का. रेकॉर्डच्या खिडकीतल्या माणसाने रजिस्टर काढायची तयारी दाखवली आणि पेशंटचं नाव विचारलं.

मला नाव माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं.