मावशीचा चिमटा आणि गुलाबी मायो

...तर चिमट्यापर्यंत आलो होतो आपण. लाकडी, हातभर लांब, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं टोकं पांढरी पडलेली. लेओकादी वोत्रें त्या चिमट्याशिवाय कपड्यांच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. क्लिशीच्या चौकामागं आमचं नाचगाण्याचं थिएटर होतं. तिथं मी पडदे ओढायचो आणि ती नाचणाऱ्यांचे, कसरतवाल्यांचे कपडे सांभाळायची. तिशीतच सगळे तिला मावशी म्हणायला लागले होते. चेहराच तसा होता. आत्ताच कुणीतरी तिच्या पायावर काहीतरी सांडलंय, असा.

आता तुमच्या नाती काळे मायो घालून समुद्रावर खुशाल हुंदडतात, आणि कुणी मान वळवूनही बघत नाही. मी सांगतोय ते मोठ्या लढाईच्या आधीचं. तेव्हा मायो म्हटला की सर्कशीतला झोक्यावरचा माणूस नाहीतर नाचणारी पोरगी, तिसऱ्या कुणाच्या अंगावर तो दिसायचा नाही. आमच्याकडचे मायो फिक्या गुलाबी रेशमाचे, अंगाला घट्ट चिकटणारे, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत विणलेले. लोकांना कातडी दिसल्यासारखी वाटली पाहिजे, पण खरी कातडी दिसता कामा नये, असा कायदा. तो पाळला जातोय की नाही हे बघायला पोलिसांचा एक माणूस पहिल्या रांगेत दुर्बीण घेऊन बसे. फार कर्तव्यदक्ष माणूस. दुर्बीण कधी खाली ठेवायचा नाही.

पुढून ते सगळं अप्सरांसारखं दिसे. मागून मात्र नाकाला रुमाल लावा! रेशीम पिवळं पडू नये म्हणून मायो रोज धुवायचे नाहीत, नुसते वाळवायचे. घामावर घाम, त्यावर पावडर, त्यावर वास मारायला जाईचं अत्तर. उन्हाळ्यात रंग सुटला की पोरींच्या काखा डुकराच्या पिल्लासारख्या गुलाबी. आमचा झोक्यावरचा गास्पार तर पोटऱ्या भरदार दिसाव्यात म्हणून मायोच्या आत मेंढीच्या लोकरीच्या गाद्या घालायचा. त्या गाद्या घामानं भिजल्या की खोलीत मेलेली मेंढी आणून टाकल्यासारखं व्हायचं.

मावशी त्या गाद्या चिमट्यानं लांब धरून ओरडायची, "गास्पार, ही तुझी पोटरी व्यायला झालीये! घेऊन जा हिला!"

"मावशी, हळू! बाहेर बायका उभ्या आहेत."

"असू देत. वास त्यांच्यापर्यंत आधीच गेलाय."

कुणाच्याही अंगावरचा कपडा गरम असताना ती हातात घेत नसे. दुसऱ्याच्या अंगाची ऊब हाताला लागली की तिला खरोखर उमळून यायचं. जेवताना पावही ती खिडकीशी जाऊन खायची.

तर आमच्याकडे ओडील नावाची एक पोरगी होती. काटकुळी, पण उडी अशी मारायची की वाद्यवाल्यांचे सूर चुकायचे. रेशमी मायो ज्याचा त्यानं आणायचा, असा करार. ओडीलकडे एकच होता. कमरेशी सैल पडलेलं कापड एका तांब्याच्या नाण्याभोवती गुंडाळायचं, पीळ द्यायचा, खालून नाडी आवळायची, की मायो खाली घसरत नाही आणि गुडघ्यावर चुणी पडत नाही. हे नाणंही जिचं तिचं. ओडीलचं तिच्या आईनं दिलेलं होतं.

त्या वर्षी बड्या घरच्या बायकांना नाचणाऱ्यांचं वेड लागलं. कमर आवळणारी कॉर्सेटं फेकली, ढगळ झगे चढवले. मादाम द ल्यूसनी म्हणून एक बाई. तिला सोंगांच्या मेजवानीला झोकेवाली बनून जायचं होतं, आणि नवा मायो चालेना. स्टेजचा हवा, वापरलेला हवा, न धुतलेला हवा! आमचा मालक फुर्कादेल बड्या लोकांपुढं आधीपासूनच वाकलेला. त्यानं खुंटीवरचा ओडीलचा मायो काढून, कुणाला न विचारता, कागदात बांधून पाठवून दिला.

तो परत आला रविवारी सकाळी. मावशीनं चिमट्यानं उलगडला आणि तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरला. छातीवर तांबड्या दारूचा डाग, मांडीवर कसली तरी साय, आणि नाण्याचा पीळ बाईला कुठला ठाऊक? तिनं कमरेला सगळीकडून हिऱ्यांच्या पिना टोचलेल्या. प्रत्येक पिनेखालून धागा सुटून गुडघ्यापर्यंत शिडीसारखी उसवण उतरली होती. दोन पिना अजून तिथंच लटकत होत्या.

ओडील भिंतीला टेकून खालीच बसली. "मावशी, दुपारचा खेळ आहे गं."

"हा शिवून होणार नाही, पोरी. आज तर नाहीच."

मालक दारात आला. म्हणाला, "मायो नाही तर नाच नाही. ती जाडी सिलवेन तयार आहे, ओडीलची जागा तिला कायमची द्यायला लागली तरी देईन."

"तुम्हीच दिला ना तो त्या बाईला?" मावशी म्हणाली.

"मी दिला. मग?"

मावशी जमिनीवर थुंकली. मालकाच्या बुटाला लागलं नाही एवढंच. मायो तिनं तसाच, न धुता, खुंटीला अडकवला.

खेळाची पहिली घंटा झाली आणि मादाम द ल्यूसनी स्वतः वर आल्या. हातात व्हायोलेटच्या फुलांची जुडी, मागं दोन मिशाळ तरुण. खोलीचा वास नाकात भरून घेत म्हणाल्या, "अहाहा! हाच तो वास! कुणाचा होता तो मायो? तुझा? गोड पोरगी! मी तर आता दुसरं काही घालतच नाही. हा बघा, त्र्वाच्या विणकरांकडून आधीच मागवून ठेवला होता!" आणि त्यांनी झग्याचा काठ गुडघ्यापर्यंत उचलला. आत रेशमी गुलाबी. कोरा, एक चुणी नाही.

मावशी त्या गुडघ्याकडं बघत राहिली. मग तिनं चिमटा टेबलावर ठेवला.

"बाप्ये बाहेर व्हा," ती म्हणाली. "आणि बाईसाहेब, तुम्ही तो काढा."

"काय?"

"काढा म्हटलं. तुमच्यामुळं हिची जागा जातेय. दुसरी घंटा व्हायची आहे."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो, कान मात्र आत. बाई खिदळत होत्या, "किती गंमत! किती गंमत!" रेशीम सोलल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मावशीच्या घशातून एक आवाज, उलटी गिळल्यासारखा. चिमटा टेबलावर होता, म्हणजे ती उघड्या हातांनीच तो मायो ओढत होती.

"मावशी, हा गरम आहे गं!" ओडील किंचाळली.

"गप. श्वास रोखून धर. मीही धरलाय."

"ओला पण आहे!"

"माहीत आहे मला! पाय घाल. वर ओढ. केवढा ढगळ आहे, दोघी मावतील यात. नाणं कुठंय? दे इकडं. घट्ट पीळ. अजून."

दुसऱ्या घंटेला दार उघडलं. ओडील माझ्या अंगावरूनच पळत स्टेजवर गेली. गुडघे असे गुळगुळीत, की पोलिसवाल्यानं दुर्बीण पुसून पुन्हा लावली. त्या दिवशी तिनं जी उडी मारली, ती मी पडद्याची दोरी धरून बघितली आणि पडदा पाडायचा विसरलो. सिलवेन कोपऱ्यात सॉसेज खात बसली होती. बाजूला मावशी बादलीत कोपरापर्यंत हात सोड्यानं घासत होती. कातडी लाल झाली तरी घासत होती.

खेळ संपला. मी वर ओडीलचे हार पोचवायला गेलो, तर मादाम द ल्यूसनी नुसत्या झग्यात, डोळे चमकवत मावशीसमोर उभ्या. मावशीच्या हातात पुन्हा चिमटा, चिमट्यात ओडीलनं नुकताच उतरवलेला तो मायो, निथळणारा.

"द्या तो मला," बाई म्हणाल्या. "खरा नाचणारीचा घाम! मी कधी धुणारच नाही! नाहीतरी माझाच आहे तो."

ओडीलनं मावशीकडं बघितलं. मावशीनं चिमटा मागं घेतला, मायो उकळत्या भांड्याशेजारच्या कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडला, आणि त्याच चिमट्यानं खुंटीवरचा फाटका, डागाळलेला मायो उचलून बाईंच्या व्हायोलेटवर ठेवला.

"घामच हवाय ना, बाईसाहेब? मग हा न्या. यात ओडीलचा अख्ख्या हंगामाचा घाम आहे, तुमची दारू आहे, तुमच्या पिना आहेत, आणि मांडीवर ते काय आहे ते मी हुंगलेलं नाही. तो दुसरा इथंच राहील, ओडीलकडं. तो मी धुणार आहे, माझ्या हातांनी, आणि तुम्ही त्यात होता हे त्याच्यातून जाईपर्यंत धुणार आहे."