कोऱ्या राहिलेल्या अंगठ्याची गोष्ट

अपघात झाला त्या सकाळी मी देवीला नमस्कार न करता कामावर गेलो होतो. एरवी बावीस वर्षांत असं क्वचितच घडलं असेल. जोगेश्वरीच्या गुंफेच्या पायऱ्या उतरायच्या, आतल्या ओलसर काळोखात दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग अंधेरीच्या कारखान्यात जायचं, हा माझा परिपाठ होता. त्या दिवशी उशीर झाला म्हणून बाहेरूनच निघून गेलो. म्हणून इस्पितळात पडल्यापडल्या मनात एकच घोळत राहिलं, की ही शिक्षा आहे का? आणि शिक्षा असेल, तर एवढ्याशा चुकीला एवढी मोठी? ज्या देवीला मी आई म्हणतो, ती असा हिशेब ठेवते का? काही उमजत नव्हतं.

आमच्याकडे प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनतात. त्यांचे लोखंडी साचे फार जड असतात. ते चेनपुलीने उचलून मशीनवर चढवावे लागतात. मी आणि दिनकर, आम्ही दोघं चौदा वर्षं हे काम जोडीने करत आलो. त्या दिवशी साचा वर गेला, मी तो सरळ करायला हात लावला आणि पुढचं मला नीट आठवत नाही. हुकातून साखळी निसटली आणि साचा माझ्या उजव्या हातावर आला, एवढं लोकांनी नंतर सांगितलं. दिनकरने पहारीने साचा उचलून माझा हात सोडवला आणि मला रिक्षात घातलं. दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांत अजून पुरता जोर नाही.

शेठ इस्पितळात भेटायला आले. उपचाराचा खर्च त्यांनीच केला. "तू घरचा माणूस आहेस, काळजी करू नको," म्हणाले. मला भरून आलं. डिस्चार्जनंतर आठवड्याने कारखान्यातले क्लार्क घरी आले आणि त्यांनी एक इंग्रजी कागद पुढे ठेवला. नुसती ऑफिसची फॉर्मॅलिटी आहे म्हणाले. उजव्या हाताला बँडेज होतं, तर म्हणे डाव्या हाताचा अंगठा चालेल. शाईचा पॅडही त्यांनी बरोबर आणला होता. मी दहावी शिकलेला माणूस, अंगठा द्यायची लाज वाटली. शिवाय आत कुठेतरी अडल्यासारखं होत होतं. "उद्या देवीला जाऊन आलो की देतो," असं म्हणून मी कागद ठेवून घेतला. बायको म्हणाली, "देऊन टाका ना. शेठ एवढं करतायत, उगाच कशाला नाराज करायचं?" तिचंही चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंफेत गेलो. देवीपुढे उभा राहिलो, पण काय मागायचं तेच सुचेना. हात जोडताही येत नव्हते. शेवटी म्हणालो, आई, तुझी जी इच्छा असेल ते होऊ दे, मला काही कळत नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि कागद उलटापालटा करू लागलो. इंग्रजी अक्षरं जुळत होती, अर्थ लागत नव्हता.

दोन पायऱ्या खाली पन्नाशीच्या एक बाई चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टीपिनने जोडत बसल्या होत्या. माझ्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "कामावर लागलं का?"

मी मान हलवली आणि कागद त्यांच्याकडे दिला. का दिला, ते आजही सांगता येणार नाही. अनोळखी माणसापुढे घरचं काही उघडं करायचा माझा स्वभाव नाही. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"दिनकर कोण?" त्यांनी विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना नाव सांगितलं नव्हतं. ते कागदात होतं. त्यात लिहिलं होतं, की दिनकरने साखळी निष्काळजीपणे अडकवली म्हणून अपघात झाला, कंपनीचा काही दोष नाही आणि मला कंपनीकडून यापुढे काहीही मागायचं नाही.

"त्यानेच माझा हात सोडवला," मी म्हणालो.

"मग हे खरं आहे का?"

"मला आठवत नाही."

"आठवत नाही, तर अंगठा कसला देता?" त्या म्हणाल्या. त्या एका वकिलांकडे कामगारांचे अर्ज लिहायचं काम करत होत्या. "हे बघा, काम करताना लागलं तर भरपाई हा तुमचा हक्क आहे. शेठची मेहरबानी नाही. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं. बाकीचं कोर्ट बघेल." त्यांनी ऑफिसचा पत्ता लिहून दिला. मी म्हणालो, "देवीनेच तुम्हाला पाठवलं." त्या हसल्या. "मी देवाबिवाचं काही करत नाही हो. चप्पल तुटली म्हणून बसले इथे."

तिथून मी थेट दिनकरकडे गेलो. रोज माझ्यासाठी इस्पितळात डबा आणणाऱ्या या माणसाला अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं आणि त्याने मला कळूही दिलं नव्हतं. मी कागदातलं सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साखळी नीट अडकवली होती का, मी रोज स्वतःलाच विचारतो. मलाही आठवत नाही रे. पण हुकाची क्लिप तुटलीय, हे सुपरवायझरला मी दोनदा सांगितलेलं. तू होतास तेव्हा." हो, मी होतो. ते मला लख्ख आठवलं.

बाईंच्या ऑफिसात जाऊन आम्ही तेवढंच लिहिलं. कागद अंगठा न उमटवताच परत केला. शेठ संतापले, म्हणाले, तुला घरचा समजलो ही माझी चूक. ते शब्द मला लागले, कारण त्यांनी केलेलं मी विसरलो नव्हतो. कामगार कोर्टात वर्षाच्या वर खेपा झाल्या. बायको दर तारखेला बरोबर यायची. अखेर निकाल आमच्या बाजूने लागला आणि भरपाई मिळाली. दिनकरवरचा ठपका मात्र कोर्टाने पुसला असं नाही, त्याचा तिथे विचारच झाला नाही. तो आता मुलुंडला दुसऱ्या कारखान्यात आहे.

माझा गोंधळ संपला, असं मी म्हणणार नाही. देवीने साचा का पडू दिला, हे मी तिला अजून विचारतो. तिला न मानणाऱ्या बाईच्या तोंडून ती बोलली, की ती नुसती तुटलेली चप्पल होती, तेही मला ठरवता येत नाही. बाईंना मी आजही भेटतो, पेढे देतो. त्या पेढे खातात आणि विषय बदलतात. एक मात्र मला कळलं. पुढे आलेल्या कागदावर मुकाट्याने अंगठा टेकवणं, यालाच मी इतकी वर्षं शरण जाणं समजत होतो. ती भीती होती. ठाऊक आहे तेवढं खरं सांगायचं आणि पुढचं देवीवर सोपवून स्वस्थ बसायचं, हे त्याहून फार अवघड आहे. मी तेवढं करू शकलो, ते माझ्या बळावर नव्हे. रविवारी दिनकर येतो, आम्ही चहा घेतो, आणि त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवून मी बोलू शकतो. यासाठी मी आईचा जन्मभर ऋणी आहे.