अक्काचे चार दात आणि तीन रकाने

अक्काचे वरचे पुढचे चार दात हलत होते. ती माझी थोरली बहीण, धुळ्यात राहते. नगरपालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झाली, तिला पेन्शन मिळतं. दर रविवारी सकाळी ती वस्तीतल्या विहारात वंदना सांगते. आधी ती एक ओळ म्हणते, मग समोरच्या पंधरा-वीस बायका तीच ओळ म्हणतात. अनेक वर्षं असंच चालू आहे. उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की ‘त’ आणि ‘द’ म्हणताना जीभ दाताला टेकली की दात मागे सरकतो आणि शब्द फसकतो. तिने ते कुणाला सांगितलं नाही. दोन रविवार ती मागच्या रांगेत बसली. घसा बसला, असं कारण दिलं.

मला हे भाच्याकडून, म्हणजे तिच्या मुलाकडून कळलं. तो नरडाण्याच्या एका कारखान्यात आहे. कंपनीने त्या वर्षी कामगारांच्या गट विम्यात आईवडिलांना घेण्याची सोय दिली होती आणि दातांचा खर्चही त्यात होता. तो अर्ज मीच भरला होता. मी जळगावला एका दैनिकात वृत्तसंपादक आहे, त्यामुळे घरातले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम होतं. वय, उंची, वजन, रक्तदाब. तंबाखूचा कोणत्याही स्वरूपात वापर? मी ‘नाही’वर बोट ठेवलं आणि पुढे गेलो.

विम्याच्या यादीत धुळ्यात एकच दंतवैद्य होता. आम्ही तिघे गेलो. दवाखाना स्वच्छ होता, डॉक्टर तरुण आणि स्पष्ट बोलणारा. त्याने एक्स-रे फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. दातांभोवतीचं हाड झिजलं होतं. चारही दात काढायचे आणि काढता-घालता येणारी कवळी बसवायची, असं त्याने सुचवलं. वर्षाची मर्यादा दहा हजारांची होती. बिल आठ हजार चारशेचं, म्हणजे आम्हाला काही द्यायचं नव्हतं. समोरच्या मुलीने संगणकावर मंजुरीही मागवून ठेवली.

अक्काने एकच गोष्ट विचारली. वंदना म्हणताना कवळी हलेल का? डॉक्टर म्हणाला, सुरुवातीला हलेल, महिनाभराने सवय होते, काहींना जास्त वेळ लागतो. त्याने खोटा दिलासा दिला नाही, हे मला आवडलं. बाहेर रिक्षाची वाट पाहताना अक्का म्हणाली, “भाऊ, मी जसं म्हनस, तसंच त्या बठ्ठ्या बाया म्हनतस. मीच चुकीचं म्हनस, तर?”

भाचा म्हणाला, फुकट होतंय तर घेऊन टाकू. मी आठ दिवस मागितले.

बातमीला दोन बाजू घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे मी अनेकांना शिकवलं आहे. त्या आठवड्यात मी धुळ्यातले आणि जळगावातले सहा दवाखाने फोनवर गाठले. प्रत्येकाला दोनदा फोन केला. एकदा विम्याचं कार्ड आहे असं सांगून, एकदा रोख देणार असं सांगून. कागदावर तीन रकाने आखले: यादीतला दर, रोखीचा दर, आणि आपल्या खिशातून जाणारी रक्कम. एसटीचं भाडंही धरलं. बायकांना अर्धं तिकीट, मला पूर्ण.

एक गोष्ट लगेच दिसली. ज्या दवाखान्यात आम्ही गेलो होतो तिथे कार्डावर एक दात काढण्याचे आठशे लागत होते आणि रोखीने पाचशे. कवळी कार्डावर बावन्नशे, रोखीने चार हजार. म्हणजे तेच काम रोखीने सहा हजारांत होत होतं. फोनवरच्या मुलीने यात काही लपवलं नाही. कार्डाचे पैसे तीन महिन्यांनी येतात, कागद करायला माणूस लागतो, म्हणून दर वेगळा, असं ती म्हणाली. पटण्यासारखं होतं. पण दहा हजारांची मर्यादा त्या चढ्या दराने संपत होती, आणि वर्षभरात पुन्हा दाढ दुखली तर हातात सोळाशेच उरणार होते. ‘फुकट’ हा शब्द मी रकान्यातून खोडला.

जळगावात हिरड्यांच्या एक डॉक्टर बाई होत्या. त्या यादीत नव्हत्या. फोटो पाठवल्यावर त्यांनी कळवलं की दात वाचवून पाहता येतील. हिरडी उघडून साफ करायची, मग हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना मागच्या बाजूने बारीक तारेने बांधायचे. सगळं मिळून बावीस हजार. यादीबाहेरच्या दवाखान्याचं निम्मं बिल विमा परत देत होता, पण दहा हजारांपर्यंतच. आमच्या खिशातून बारा हजार जाणार होते. मी तक्ता पूर्ण केला, भाच्याला पाठवला आणि खाली लिहिलं की दुसरा पर्याय महाग आहे, पण परवडण्यासारखा आहे. तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

अक्का सकाळच्या एसटीने जळगावला आली. डॉक्टर बाईंनी आरशाने दातांची मागची बाजू पाहिली आणि सहज विचारलं, “मावशी, मिसरी किती वेळा लावता?”

अक्काने तितक्याच सहज सांगितलं, चार वेळा. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारी चहाच्या आधी आणि झोपताना.

मिसरी आमच्या घरात कायम होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. आई लावायची, मावश्या लावायच्या. लहानपणी दुकानातून तंबाखूची पुडी मी आणली आहे, तव्यावरच्या धुराने खोकलो आहे. तरी अर्ज भरताना ती मला आठवली नाही. आमच्याकडे तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुना लावून गालात धरायची. मिसरीची जागा मोरीवर, दंतमंजनाशेजारी. अक्काला विचारलं असतं तरी तिने नाहीच म्हटलं असतं. पण मी विचारलंच नव्हतं. फोनवर सहा दवाखान्यांची दोनदा खात्री करणाऱ्या माणसाने घरातल्या बाईला एक प्रश्न केला नव्हता.

डॉक्टर बाईंनी ते केसपेपरवर लिहिलं, आणि बिलासोबत तो कागद विम्याकडे जाणार होता. मग अट घातली. सहा आठवडे मिसरी पूर्ण बंद. तोंडात दिसलीच तर त्या हात लावणार नाहीत, कारण त्या तोंडात जखम भरत नाही आणि पैसे वाया जातात.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याचा आवाज खाली होता. “मामा, ते एक वाक्य केसपेपरवर नसतं तर?” बाईंना विनंती करून बघा, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हणालो. बाईंनी ऐकलं नसतं, आणि ऐकलं असतं तरी मी बोललो नसतो. त्याला दुसरी काळजी होती ती कंपनीची. खोटी माहिती दिली म्हणून नोकरीवर काही येईल का? मी म्हणालो, चूक माझी आहे आणि ती माझ्या सहीने कळवतो. दैनिकात चूक झाली की आम्ही ती छापून मान्य करतो. विमा कंपनीला मी पाच ओळींचा मेल केला. अर्ज कुणी भरला, कोणतं उत्तर चुकलं, खरं उत्तर काय, किती वर्षांपासून. कारणं दिली नाहीत.

अर्जातली चूक अक्काला सांगितली तेव्हा ती आधी हसली. “तंबाखू तर पुरुष खातस. मी दात घासस.” मग म्हणाली, “पेपरमा इतकं लिखस तू, एक फारम नीट भरता उनं नही?”

बाराव्या दिवशी उत्तर आलं. विमा चालू राहील, हप्ता तोच, भाच्यावर काही कारवाई नाही. मात्र तंबाखूमुळे झालेल्या हिरड्यांच्या आजाराचे उपचार या वर्षी मिळणार नाहीत. दात काढणं आणि कवळी मिळेल. मी तक्ता पुन्हा काढला. पहिल्या पर्यायाच्या शेवटच्या रकान्यात शून्य तसंच राहिलं. दुसऱ्यात बाराच्या जागी बावीस हजार आले.

त्या रविवारी आम्ही तिघे तिच्या घरी बसलो. मी दोन्ही बाजू मांडल्या. बावीस हजार देऊनही दात टिकतीलच अशी हमी बाईंनी दिलेली नाही, हेही सांगितलं. भाच्याने तीच गोष्ट अधिक जोरात सांगितली. अक्का तांदूळ निवडत ऐकत होती. आमचं बोलून झाल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं.

“पैसा मना शे,” ती स्वतःच्या पेन्शनबद्दल म्हणाली. “दात बी मना शेतस.”

मिसरी तिने आधीच बंद केली होती. उत्तराची वाट तिने पाहिलीच नव्हती. पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं, सुनेवर विनाकारण चिडायची. सकाळी बोट आपोआप दाताकडे जायचं, म्हणून ती उठल्याउठल्या हातात झाडू घ्यायची. शेजारणी चिडवत होत्या की म्हातारपणी ही मॉडेल व्हायला निघाली. सहा आठवड्यांनी डॉक्टर बाईंनी हिरडी पाहिली आणि तारीख दिली.

चारपैकी तीन दात राहिले. डावीकडचा एक बांधण्याआधीच काढावा लागला. त्याच्या जागी बनवलेला दात त्याच तारेला जोडला, त्याचे दीड हजार वेगळे लागले. एकूण साडेतेवीस हजार. तक्त्याच्या हिशेबाने आम्ही महागडा पर्याय निवडला. त्यात चूक झाली असं मला वाटत नाही. माझ्या रकान्यांत अक्काच्या प्रश्नाला जागा नव्हती, आणि निवड त्या प्रश्नावरच होणार होती. आता कुणी मला दातांच्या विम्याबद्दल विचारलं तर मी दर नंतर सांगतो. आधी विचारतो की ज्याचे दात आहेत त्याला त्या दातांनी काय करायचं आहे, आणि अर्ज भरताना त्याला समोर बसवलं होतं का.

तार बसल्यावर तिसऱ्या रविवारी मी धुळ्याला गेलो. विहारात मागे, दाराजवळ उभा राहिलो. अक्का पुढे बसली होती. पहिल्या दोन ओळी तिने सावकाश म्हटल्या, बायकांनी त्या मागून म्हटल्या. तिसरी ओळ बायकांनी घाईत उरकली, शेवटचा शब्द कुणी गिळला, कुणी अर्धा म्हटला. अक्का थांबली. तिने हात वर केला, तो शब्द एकटीने म्हटला, आणि सगळ्यांना ती ओळ पुन्हा म्हणायला लावली.