खोली बदलून घे

मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बाईंनी माझं आडनाव विचारलं.

तोवर सगळं छान चाललं होतं. अबूधाबीतलं खाजगी हॉस्पिटल. खिडकीतून समुद्र दिसणारी महागडी खोली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी, आणि शेजारी त्यांची सून. आजी पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या. मुलगा मोठ्या कंपनीत मोठा साहेब, घर अल रीम आयलंडवर. मी त्यांची दिवसपाळीची नर्स. आत जाऊन मराठीत बोलले तर सूनबाई एकदम खुलल्या.

"अय्या, मराठी! किती बरं वाटलं गं. नाहीतर इथे सगळ्या केरळच्या, नाहीतर फिलिपिनो. आईंना त्यांचं एक अक्षर कळत नाही."

गाव विचारलं. मी परभणीकडचं म्हणाले. आजींनी पाणी मागितलं, मी ग्लास उचलला, आणि सूनबाईंनी हसत हसत विचारलं, "आणि आडनाव काय तुझं? बॅजवर नुसतंच नाव आहे."

सांगितलं.

इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यालाही लगेच तागडी घेऊन बसायची सवय असते.

"अच्छा," बाई म्हणाल्या. ग्लास माझ्या हातातून घेतला, बेसिनमध्ये ओतला. घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात काढलं आणि सासूला दिलं. आजी ते पाणी प्यायल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"सॉरी हं, सिस्टर. आईंचं जरा सोवळं असतं. आय होप यू अंडरस्टँड. मला पर्सनली काही नाही."

'अगं'ची 'सिस्टर' झाले. त्यानंतर बाई माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागल्या.

माझी आई गावाकडे अंगणवाडीत मदतनीस होती. तिने शिजवलेली खिचडी काही घरची पोरं डब्यात घेऊन जायची आणि त्यांच्या आया ती गायीपुढे टाकायच्या. आईला माहीत होतं. तरी रोज तांदूळ निवडायची, खडा राहिला का बघायची. मला नर्सिंगला घातलं तेव्हा म्हणाली, "दुखणाऱ्याला जात नसते." मी पण तेच धरून बसले होते. समुद्र ओलांडून आल्यावर तर पक्कंच वाटलं होतं, की ती भानगड आता मागे पडली. वेडी होते. लोक लोणच्याच्या बरण्या आणतात इथे, जात आणणार नाहीत?

दुपारच्या आत आमची इन-चार्ज लिसी मला औषधांच्या खोलीत घेऊन गेली. लिसी केरळची, आम्हा सगळ्यांना 'मोळे', म्हणजे पोरी, म्हणते. वाईट बाई नाही. पण फॅमिलीची तक्रार म्हटली की तिची गाळण उडते.

"मोळे, वो समुंदरवाला रूम तू छोड दे. ग्रेस को दे दिया."

"क्यूँ?"

"फॅमिली प्रेफरन्स. मेरे को मत पूछ. व्हीआयपी है. तू रूम बदल ले, खलास."

एवढंच. हॉस्पिटलला कारण लागलं नाही. ते 'फॅमिली प्रेफरन्स'मध्ये बसलं. पुरुष नर्स नको, भाषा कळणारी नर्स हवी, असं लोक मागतातच. त्याच दारातून हेही आत आलं. मी मूग गिळून गप्प बसले. नवरा रुवैसला रिफायनरीत, आठवड्याच्या शेवटी येतो. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. एक पेशंट कमी झाला असं समज."

मीही तसंच समजले. पण माझ्या बाकीच्या खोल्या त्याच रांगेत होत्या. त्या दारावरून दिवसातून कितीदा जावं लागायचं.

आजी रोज सकाळी रामरक्षा म्हणायच्या. स्वच्छ आवाज, कुठे अडखळणं नाही. जाता-येता कानावर पडायची. मला ती येत नाही, आमच्या घरात कोणी म्हटली नाही. पण शेजारपाजारचं ऐकून ऐकून चाल ओळखते.

ग्रेस फिलिपिन्सची. कामाला चांगली. पण मराठी सोडा, हिंदीही कामापुरतीच. आजींशी ती खुणांनी बोलायची आणि आजी मान हलवायच्या. दोघींचं हसून भागत होतं.

आता आमच्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठराविक वेळाने प्रत्येक पेशंटची मोजणी करायची असते. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन हे यंत्र सांगतं. दोन गोष्टी मात्र माणसानेच बघायच्या. श्वास किती चाललाय, आणि पेशंट शुद्धीत आहे का, की भलतंसलतं बोलायला लागलाय. सगळं भरलं की कॉम्प्युटर गुण देतो. गुण चढले की पेशंट ढासळतोय. मग तातडीची टीम धावत येते.

श्वास मोजायचा तर मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ते मिनिट कोणाकडे नसतं. म्हणून जगभरच्या नर्सा एक आकडा टाकून मोकळ्या होतात. अठरा. झोपलेल्याला अठरा, जिना चढून आलेल्याला अठरा. एकट्या ग्रेसला कशाला नावं ठेवू? आमच्या वॉर्डात सगळ्यांना अठराच श्वास असायचे.

त्या दिवशी सकाळीच रामरक्षा ऐकू आली, पण चाल कुठेतरी घसरत होती. मी ट्रॉली घेऊन पुढे गेले. माझी खोली नव्हती.

जेवणं आटोपल्यावर परत त्या दारावरून गेले. दार अर्धवट उघडं. आजींचा आवाज येत होता. तीच एकसुरी लय. मी थांबले. रामरक्षा नव्हतीच ती. एक ओळ स्तोत्राची, मग बे एके बे, मग "कुसुम, दूध उतू गेलं गं", मग परत पाढा. अधेमधे दम लागत होता. कोणी कुसुम तिथे नव्हती. आत आजींची नात बसली होती, कॉलेजातली, इथेच जन्मलेली. कानात इअरफोन, मांडीवर लॅपटॉप. सूनबाई घरी गेलेल्या.

ग्रेस समोरून आली. मी विचारलं, "हाऊ इज द ओल्ड लेडी?"

"गुड, गुड. नो फीवर. प्रेइंग सिन्स मॉर्निंग."

सकाळपासून प्रार्थना चाललीय. ग्रेसच्या दृष्टीने बाई शुद्धीत होती, शांत होती, देवाचं नाव घेत होती. तसंच तिने भरलं होतं. श्वास अठरा, पेशंट सावध. कॉम्प्युटर समाधानी. त्या मजल्यावर आजींचं बरळणं ज्यांना कळलं असतं अशा दोघीच. एकीच्या कानात गाणी होती. दुसरीला आत यायला बंदी होती.

मी आत गेले.

असं एका वाक्यात लिहिलं, पण दारात आधी थांबले होते, ते खरं आहे. भीती वाटली. नोकरीची वाटली. त्याहून जास्त, परत तो ग्लास बेसिनमध्ये ओतलेला बघावा लागेल, याची वाटली.

नातीने इअरफोन काढला. "शी इज ओके. शी प्रेज अ लॉट."

मी आजींच्या पोटावर हात ठेवला आणि श्वास मोजले. अठराच्या जवळपास दुप्पट. पाय गुडघ्यापर्यंत गार. नखं निळसर. पोट ताठ. ताप नाही, म्हणून सगळे निवांत. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात विष भिनतं तेव्हा कधीकधी ताप येतच नाही.

"आजी, कुठे आहात तुम्ही?"

"कुकर उतरव."

"मुलाचं नाव काय तुमच्या?"

त्या बघत राहिल्या. आठवेना. ओठ नुसते हलले. मग माझ्या चेहऱ्यावर नजर आणली आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

मुलाचं नाव गेलं होतं. हा प्रश्न गेला नव्हता.

मी भिंतीवरचा फोन उचलला. नर्सला वाटलं तर तिने थेट टीम बोलवावी, कोणाची परवानगी नको, असं फोनच्या वरच लिहिलंय. रीत वेगळी आहे. रीत म्हणजे आधी मोठ्या डॉक्टरांना विचारा, ते रागावतील ते ऐका, मग थांबा. लिसी धावत आली. "पहले कंसल्टंट को बोल! स्कोअर तो नॉर्मल है!"

"स्कोअर झूठा है," मी म्हणाले आणि नंबर फिरवला.

टीम पोचायच्या आत आजींचे डोळे फिरायला लागले. मी ऑक्सिजनचा मास्क लावला. तो बसेना, म्हणून हनुवटी उचलून दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. नात कोपऱ्यात रडत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि सूनबाई आल्या, हातात डबा.

त्यांना आधी सासूचा चेहरा दिसला नाही. माझे हात दिसले.

"हिला कोणी आत सोडलं? सांगितलं होतं ना, ही नको म्हणून! हात काढ आधी त्यांच्या तोंडावरचा!"

मराठीत. इतक्या दिवसांनी.

मी म्हणाले, "बाई, हात काढला की मास्क सुटतो. मास्क सुटला की ह्या जातात. काढू?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ओरडले नाही. विचारलं फक्त. "तुम्ही सांगा. काढू का हात?"

बाई दारातच उभ्या राहिल्या. डबा हातात तसाच. मी हात काढले नाहीत.

टीम आली, आजींना आयसीयूत नेलं. पोटात आतून गळती होऊन विष रक्तात पसरलं होतं. दोन दिवसांनी आजी गेल्या.

सकाळीच कळलं असतं तर वाचल्या असत्या का? मी छातीठोक सांगणार नाही. आयसीयूचे डॉक्टरही सांगत नाहीत. पण सकाळपासून दुपारपर्यंतचा जो वेळ असतो, त्यातच माणूस परत आणता येतो. आजींचा तो वेळ माझ्या आडनावापायी गेला. ते आडनाव आजींना नको होतं, सुनेला नको होतं, आणि हॉस्पिटलने काही न विचारता मान डोलावली होती.

तक्रार आली ती माझ्यावर. मनाई असताना खोलीत शिरले, पेशंटला घाबरवलं, नातेवाइकांशी उद्धट बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मॅनेजरच्या ऑफिसात बोलावलं. मॅनेजर आयरिश बाई, शेजारी लिसी, समोर आजींचा मुलगा. माणूस खचलेला होता. आई गेलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो. मला त्याची दया आली, आणि ती आली याचा रागही आला.

मॅनेजर बाईंनी मिटवायचं ठरवूनच ठेवलं होतं. माझा करार नवा व्हायचा होता. लिसीने बाहेरच कानात सांगितलं होतं, "एक सॉरी बोल दे. व्हिसा का सोच. यल्ला, चल."

मी विचार केला होता. रात्रभर दुसरं काही केलंच नव्हतं. नवरा म्हणाला होता, "सॉरीने काय जातं?" काय जातं ते तिथे खुर्चीत बसल्यावर कळलं. आईची खिचडी जाते. आई रोज जाऊन तीच चूल पेटवायची आणि कोणी तिला कधी विचारलं नाही, की तुझी खिचडी गाय का खाते. तिनेही कधी तोंड उघडलं नाही. गप्प बसणं आमच्या घरात पुरेसं झालं होतं.

मी इंग्रजीत बोलले, मॅनेजर बाईंना कळावं म्हणून. मोडकंतोडकं, पण सगळं. सूनबाईंनी आडनाव कसं विचारलं. पाणी कसं ओतलं. मला का काढलं. आजी काय बडबडत होत्या आणि ते प्रार्थना का वाटलं. वॉर्डात श्वास कसे मोजतात तेही सांगितलं. लिसीचा चेहरा उतरला.

मुलगा ताठ झाला. "धिस इज रिडिक्युलस. आम्ही जातपात मानत नाही. इतकी वर्षं गल्फमध्ये आहोत. हे असले विषय तुम्हीच इथे घेऊन येता."

मी मराठीत म्हणाले, "साहेब, मी पाणी घेऊन आले होते."

तो उठून गेला.

मॅनेजर बाईंनी विचारलं, यू वोन्ट अपॉलोजाइझ? मी म्हणाले, नो. त्यांनी सुस्कारा टाकला. 'कास्ट' शब्द अहवालात घालता येणार नाही म्हणाल्या, हॉस्पिटलच्या यादीत तो बसत नाही. मी म्हणाले, मग यादी बदला. मला लेखी ताकीद मिळाली. कराराचं बघू म्हणाल्या, इन्शाल्ला. 'फॅमिली प्रेफरन्स' अजून चालू आहे. अठरा श्वासही.

मी अजून त्याच वॉर्डात आहे. किती दिवस, ठाऊक नाही.

परवा लिसी पुन्हा आली. नवं एक मराठी कुटुंब आलं होतं, वडील हृदयाचे पेशंट. नजर चुकवत म्हणाली, "वो लोग बोल रहा है, दूसरी नर्स..."

मी म्हणाले, नाही. मी खोली बदलणार नाही. ज्याला मी नको आहे त्याने मला समोर बोलावून का नको ते सांगावं, आणि तू तिथे उभी राहून ऐक. तेवढी हिंमत नसेल तर माझा पेशंट माझाच राहील. त्याचा श्वास मी मोजणार. पूर्ण मिनिट मोजणार. कोणाला विटाळ झाला तर त्याने अंघोळ करावी.

लिसी गेली. मी घड्याळ बघितलं आणि दार ढकलून आत गेले.