माणूस बोलतो तसं वाच

लाँड्रीतल्या काकूंना आयुष्यात दोन गोष्टी मनापासून जमल्या, कपड्यावरचा डाग कशाचा ते ओळखणं आणि मोठ्याने वाचणं. डाग ओळखायला वडिलांनी शिकवलं, कारण दुकान मुळात त्यांचं. वाचणं मात्र नवऱ्यामुळे गळ्यात पडलं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. चांगला शिकलेला होता, सही तर अशी ठोकायचा की अर्धं पान अडायचं. पण वाचलं की डोकं दुखतं, असं त्याने संसाराच्या सुरुवातीलाच जाहीर केलं, आणि तेव्हापासून सकाळी तो आरशापुढे दाढी करणार आणि काकू दाराशी उभ्या राहून पेपर वाचणार, हा त्या घरातला नियम होऊन बसला. बातमी संपली की फेसाळलेल्या तोंडाने तो मत द्यायचा. मत एकच असायचं, की जगात घाण फार झाली आहे.

दुकानात त्याला सगळे मालक म्हणत, म्हणून आपणही मालकच म्हणू. सासऱ्याचं दुकान आयतं मिळालं की माणूस मालक होतो.

मालकांची जीभ गल्लीला पाठ होती. आधी घसा खाकरायचा, मग पहिलं अक्षर ताणायचं आणि शिवी भिरकावायची. मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपुढे एक माणूस वर्षानुवर्षं उभा होता. त्याला मालक 'रांडेच्या' म्हणून हाक मारत. रागाने नाही हं. रागाचे शब्द वेगळे होते; ही आपली साधी हाक, 'अरे' म्हणावं तशी. इस्त्रीवाला 'आलो मालक' म्हणत हातातलं टाकून धावायचा. काकूंसाठी 'अवदसे' होतं. चहा आण अवदसे, पावती फाड अवदसे. एकुलती लेक परगावी नोकरीला निघाली, काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हाही मालक म्हणाले, "रडतेस काय अवदसे, येईल की परत." त्यात त्यांना मायाच वाटत होती.

गिऱ्हाइकांसमोर मात्र तोंडात साखर. "साहेब, कोट असा निघेल की तुम्हीच ओळखणार नाही."

असा हा माणूस शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष झाला. लेक शाळेतून कधीच बाहेर पडली होती, पण शाळेच्या सभागृहाचे पडदे मालक फुकट धुऊन द्यायचे, आणि पडदे स्वच्छ राहत असले की बाकी कशाची फिकीर न करणारी माणसं त्या समितीत ठासून भरली होती. अध्यक्षांना काहीतरी करून दाखवायचं होतं. संधी दातांच्या डॉक्टरांनी आणून दिली. त्यांच्या मुलीने जेवता जेवता विचारलं, "बाबा, रांडेच्या म्हणजे काय?" वरच्या वर्गाला एक जुनी कादंबरी लावली होती, त्यात तो शब्द होता. डॉक्टरांनी मुलीला अर्थ सांगितला नाही, शाळेकडे तक्रार केली. त्याला कष्ट कमी पडतात.

कादंबरी होती वीटभट्टीवरच्या एका बाईची. मुकादम मजुरांना शिव्या घालतो, मजूर असलेला नवरा त्या खाऊन घरी येतो आणि जशाच्या तशा बायकोला वाढतो, आणि ती बाई रोज ठरवते की उद्या इथून निघून जायचं. एवढीच गोष्ट. काकूंच्या आईच्या पिढीपासून शाळेत शिकवत आले होते; काकूंची शाळा तेवढी वरच्या वर्गाआधीच सुटली होती. ती वाचून कुणाची जीभ बिघडल्याचं ऐकिवात नव्हतं. ज्यांच्या बिघडल्या होत्या त्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं.

समितीने ठरवलं की आक्षेपार्ह जागा शोधाव्यात, सभेत वाचून दाखवाव्यात आणि मग पुस्तक शाळेतून काढून टाकावं. निकाल आधी आणि तपास मागाहून, पण कामाला शिस्त हवी ना. मालक शाळेच्या ग्रंथालयातली एक प्रत घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरऐवजी ती काकूंच्या हातात दिली.

"सगळं वाचत बसू नकोस. घाण तेवढी काढ."

काकू ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. "हं, इथे एक आहे. 'अवदसे'."

"कोण म्हणतंय?"

"नवरा. बायकोला."

"शी," मालक गालावरून वस्तरा ओढत म्हणाले. "मुलं वाचतात हे. खूण कर तिथे, अवदसे."

काकूंनी मान वर केली. आरशात मालकांचा चेहरा दिसत होता. त्यावर त्यांनी नीट शोधलं, पण तिथे साबणाशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी लाल पेन्सिलीने खूण केली.

हसू यायला हवं होतं, नाहीतर राग तरी. काकूंना दोन्ही आलं नाही. रागवायचं म्हणजे समोरच्याला काहीतरी कळेल अशी आशा लागते, आणि ती आशा लेक लहान असतानाच त्यांनी सोडून दिली होती. उरली होती ती किळस, कॉलरच्या आतला मळ बघताना वाटते तेवढी. तिचा कामात अडथळा होत नाही.

अडचण वेगळीच झाली. घाण शोधता शोधता काकूंना ती भट्टीवरची बाई आवडायला लागली. लहानपणी त्यांना वाचनाचं वेड होतं; लग्नानंतर सगळं वाचन मालकांच्या कानासाठी झालं. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या हँगरच्या खोक्याआड पुस्तक धरून बसायच्या आणि सोडून दिलेली पानं वाचायच्या. एकदा तर त्यांनी वकिलांचा सूट दातांच्या डॉक्टरांकडे पाठवून दिला. असली चूक त्या काउंटरवर पूर्वी कधी झाली नव्हती. मालकांनी काय म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे, परत कशाला सांगायचं.

काकूंना एकच गोष्ट कळायला हवी होती. ती बाई जाते की नाही? पुस्तक पुष्कळसं झालं होतं. बाईने लुगडं आणि तवा एका फडक्यात बांधला होता आणि ती उंबऱ्याशी बसून होती. आणि आता सभा येऊन ठेपली. ठराव झाला की सगळ्या प्रती तिथल्या तिथे गोळा करून रद्दीत जाणार, ही धरून. पुन्हा हे पुस्तक आपल्या हाती लागणार नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. मागून घ्यावं म्हटलं तर कुणाकडे मागणार, अध्यक्षांकडे?

सभेच्या दिवशी सकाळी मालक म्हणाले, "संध्याकाळी तू वाचायचंस."

"मी? सगळ्यांसमोर?"

"मग काय मी? डोकं दुखतं माझं. आणि अध्यक्षाच्या तोंडी असले शब्द शोभत नाहीत. वाच बघू एकदा."

काकूंनी वाचून दाखवलं. मालक वैतागले. "वाण्याची यादी वाचतेस काय? लोकांना झोंबलं पाहिजे. माणूस बोलतो तसं वाच."

"कोणता माणूस?"

"कुठलाही. तोंड असलेला."

काकूंनी पुस्तक मिटलं. त्यांनी जन्मात जवळून दोनच पुरुष ऐकले होते. वडिलांनी कधी आवाज चढवला नव्हता.

संध्याकाळी सभागृहात मालक नवा कोट घालून मधल्या खुर्चीवर बसले. एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिका. पुढच्या रांगांतून पालक, सगळे गंभीर, जणू कुणाच्या तरी ऑपरेशनची वाट बघताहेत. धुतलेले पडदे घेऊन इस्त्रीवाला आला होता. शिडीवर चढून त्याने ते टांगले आणि शिडी परत न्यायची म्हणून शेवटच्या रांगेत बसून राहिला. पहाटेपासून वाफेत उभा असलेला माणूस. पाठ टेकली तशी त्याला डुलकी लागली.

मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "पुस्तकात त्या शब्दांची बाजू घेतलेली नाही. उलट आहे. वरच्या वर्गाला ठेवायला हरकत नसावी."

"बाई," मालक म्हणाले, "डाग पडलेला कपडा तुम्ही मुलांना घालाल का?"

डाग पडला म्हणून लोक कपडे फेकून देत असते तर या गृहस्थाला जेवायला मिळालं नसतं. हे तिथल्या एकालाही सुचलं नाही. मुख्याध्यापिकांना सुचलं असेल, पण त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते आणि त्यांनी टाचणीशी खेळायला सुरुवात केली.

"वाच," मालक म्हणाले.

काकू उभ्या राहिल्या. चष्मा लावला, पहिली खूण काढली. भट्टी पेटल्याचं वर्णन त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचलं. मुकादम दिसतो, थांबतो. इथे काकू थांबल्या. त्यांनी घसा खाकरला. पहिलं अक्षर ताणलं आणि भिरकावलं, "ए रांडेच्या, मेलास का तिकडे?"

मागे खुर्ची धाडकन आडवी झाली.

"आलो मालक," इस्त्रीवाला उभा राहून, डोळे चोळत म्हणाला. "कॉलरच राहिलीय."

इस्त्रीवाल्याने इकडेतिकडे बघितलं, आपण कुठे आहोत ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने खुर्ची उचलून तिच्या पाठीवर हात ठेवला. दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट याच लाँड्रीत जायचे. त्यांनी हा आवाज काउंटरपाशी उभं राहून कितीतरी वेळा ऐकला होता. ते आता पडद्यांच्या चुण्या पाहण्यात गढून गेले. एका आईने तोंडाला रुमाल लावला. मालकांचे कान लालबुंद झाले होते.

काकू थांबल्या नाहीत. सगळ्या खुणा वाच, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी पान उलटलं, नवरा झोपडीत शिरतो ते वाचलं, पुन्हा घसा खाकरला. "चूल पेटव अवदसे, तोंड काय बघतेस?"

या वेळी रुमालवाल्या बाईलाही हसू आलं नाही. ज्याला त्याला आपापल्या पायांतल्या चपला बघायच्या होत्या. काकूंनी चष्म्यावरून मालकांकडे पाहिलं, रोज सकाळी बातमी संपल्यावर पाहत तसं.

"पुढचं वाचू?"

"पुरे."

"अजून खुणा आहेत. तुम्हीच करायला लावल्यात."

"पुरे म्हटलं ना."

वाक्य तिथेच संपलं. एरवी त्याला जे शेपूट असायचं ते आलं नाही, आणि ते आलं नाही हे काकूंच्या आणि इस्त्रीवाल्याच्या एकदमच लक्षात आलं.

आता तुम्हाला वाटेल, ठराव बारगळला असेल. तुम्ही समित्या पाहिलेल्या दिसत नाहीत. ठराव एकमताने मंजूर झाला, तोही घाईघाईने, कारण प्रत्येकाला घरी जाऊन हे सांगायचं होतं. डॉक्टरांनी हात सर्वांत आधी वर केला. मुख्याध्यापिकांनी अर्धा केला, तो पूर्ण धरला गेला. सगळ्यांचे हात वर बघून इस्त्रीवाल्यानेही आपला केला. मग डॉक्टरांनी अध्यक्षांचे आभार मानले. मुलांच्या कानांची काळजी घेणारा अध्यक्ष लाभला हे शाळेचं भाग्य, असं ते म्हणाले आणि तसं म्हणताना त्यांची जीभ अडखळलीसुद्धा नाही. माणसाला किती निर्लज्ज होता येतं, ते बघायचं तर त्याला आभार मानायला उभं करावं.

शिपाई टोपली घेऊन पालकांनी बरोबर आणलेल्या प्रती गोळा करत फिरत होता. काकूंसमोर येऊन थांबला. "काकू, ती प्रत?"

सभेच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ धुवायला न्यायचा होता; काकूंनी पुस्तक त्यात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. "ह्याच्यावर डाग आहेत म्हणे," त्या म्हणाल्या. "दुकानात नेते."

शिपाई मालकांकडे बघायला लागला. मालक कोटाचं बटण लावत होते. लावलेलंच बटण ते पुन्हा लावत होते.

घरी आल्यावर काकूंनी चूल पेटवली नाही, म्हणजे गॅसला हातसुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, पिशवीतून पुस्तक काढलं आणि उघड्यावर, दिवा लावून, स्वतःसाठी वाचायला लागल्या. बाई अजून उंबऱ्याशीच होती.

बाहेरच्या खोलीत मालकांनी कोट काढला, खुर्ची सरकवली, बराच वेळ वाट पाहिली. चहा येत नाही असं बघून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. ओळीवरचं काकूंचं बोट थांबलं.

पण पुढे काही आलं नाही. मालकांचं तोंड उघडं होतं, आणि आत जो शब्द तयार होता तो तासाभरापूर्वी त्यांनीच हात वर करून बंद केला होता. तो वजा केला तर या बाईला काय म्हणायचं, हे त्यांना सापडेना. इतक्या वर्षांत गरजच पडली नव्हती. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी दुसऱ्याचा सदरा अंगात घालावा तसं त्यांनी अवघडून म्हटलं, "अगं..."

काकूंनी वर पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागे, बाहेरच्या दाराकडे पाहिलं. कुणी बाई आली आहे का, म्हणून. कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि पान उलटलं. शेवटची थोडीच पानं राहिली होती, आणि भट्टीवरची बाई गाठोडं उचलून उभी राहिली होती.